सासवड ते लोणंद चालायचं असेल तर

आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखीला पंढरपुरात पोचायला अठरा-एकोणीस दिवस लागतात. नोकरदार माणसाला एवढी रजा कोण देणार? म्हणून बरेच जण एखादाच टप्पा चालतात, आणि तो टप्पा बहुतेक वेळा पुणे ते सासवड असतो. सकाळी घरून निघायचं, रात्री घरी यायचं, मध्ये दिवे घाटातला फोटो. पण पहिल्यांदा चालणाऱ्यासाठी अख्ख्या वाटेवरचा सगळ्यात वाईट दिवस हाच. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. हडपसर सुटेपर्यंत शहराची गर्दी, वडकी नाल्याला दुपारचा विसावा, आणि पाय बोलायला लागले की मग चार-पाच किलोमीटरचा घाट. त्यातून तिथी सरळ चालल्या तर त्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी येते, म्हणजे निम्मी मंडळी शेंगदाणे आणि केळ्यांवर चढतात. माउलींच्या रथालासुद्धा या घाटात जादा बैलजोड्या लावतात. आपल्याला ती सोय नाही.

तीन दिवस हाताशी असतील तर सासवडहून चालायला लागा आणि लोणंदला थांबा. मुक्काम जेजुरी, वाल्हे आणि लोणंद. अंतरं साधारण सोळा, बारा आणि वीस किलोमीटर. पहिल्या दिवशी आपले पाय कसे आहेत ते समजतं, दुसरा दिवस छोटा असल्याने ते सावरतात, तिसऱ्या दिवशी खरी परीक्षा होते. नवख्या माणसासाठी यापेक्षा शहाणी मांडणी पुढे पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत कुठेही सापडत नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, या टप्प्यात रिंगण नाही. पहिलं उभं रिंगण लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबाला होतं. घोडा धावताना बघायचाच असेल तर रजा एक दिवस वाढवा.

तारीख काढताना

पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपुरात असते. आषाढी २०२३ साली २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती थेट २५ जुलैवर गेली. तारीख अशी महिनाभराच्या पट्ट्यात पुढेमागे होते आणि तिच्याबरोबर सामानही बदलतं. जूनच्या मध्यात पालखी असेल तर पुरंदर तालुक्यात ऊन आणि धूळ धरून चला. हा पट्टा सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत आहे, पुण्यात धो धो कोसळत असताना जेजुरीला नुसते ढग असतात. जुलैत पालखी असेल तर तळावर, म्हणजे मुक्कामाच्या मैदानावर, चिखल ठरलेला.

तिथींचा क्षय आणि वृद्धी जुळवायला मुक्काम लांबतात किंवा आखडतात. लोणंद आणि फलटण ही त्यासाठीची हुकमी गावं. कधी लोणंदला एकच रात्र, कधी दोन. म्हणून गेल्या वर्षीचं वेळापत्रक पुढे ढकलून हिशोब करू नका. आळंदी संस्थानचं त्या वर्षीचं छापील वेळापत्रक बघूनच रजा टाका. २०२५ साली सासवडला २२ आणि २३ जून, जेजुरीला २४, वाल्ह्याला २५, लोणंदला २६ असं होतं. त्यातली २५ तारीख अमावास्येची. हे दरवर्षी थोड्या फरकाने असंच येतं, म्हणजे या टप्प्यातल्या सगळ्या रात्री काळोख्या. पहाटे तीन वाजता तळावर तंबूच्या दोऱ्यांतून वाट काढायची असते, तेव्हा कपाळाला बांधायची बॅटरी आणा. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो, आणि दुसऱ्या हातात तांब्या असतो.

दिंडी धरा, आणि ती सासवडलाच धरा

सासवडचा फायदा हाच की पालखी इथे बहुधा दोन रात्री असते. मधल्या मोकळ्या दिवशी पोचा. सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घ्या आणि उरलेला वेळ आपली दिंडी कुठे उतरली आहे ते शोधण्यात घाला. चालत्या पालखीत दिंडी शोधणं म्हणजे दिवस फुकट.

याच मुक्कामात सोपानकाकांची पालखीही सासवडहून निघते. तिचा मार्ग वेगळा आहे, पांगारे करत ती बारामतीच्या अंगाने जाते. पताका, टाळ, गर्दी सगळं सारखंच दिसतं, आणि नवखी माणसं तिच्यामागे चालत राहतात. ‘माउलींची का सोपानकाकांची?’ एवढं एकदा विचारून घ्या. विचारण्यात लाज नाही, अर्धा दिवस उलट चालण्यात आहे.

दिंड्यांना क्रमांक असतात. रथापुढे २७, रथामागे त्याच्या कितीतरी पट. याशिवाय क्रमांक नसलेल्या, पालखीच्या पुढे निघून जाणाऱ्या दिंड्या वेगळ्याच. दिंडीत राहायचं तर भिशी भरावी लागते. भिशी म्हणजे जेवण, चहा, तंबूतली जागा आणि ट्रकमध्ये सामान, याचा वाटा. रक्कम दिंडीगणिक बदलते. तीन दिवसांच्या पाहुण्याकडून काही दिंड्या पैसे घेत नाहीत; अशा वेळी शिधा द्या किंवा एखाद्या वेळच्या चहाचा खर्च उचला. फुकट जेवून ‘काय अनुभव होता’ म्हणत निघून जाणाऱ्यांची दिंडीप्रमुखांना चांगली ओळख असते.

आधी फोन करून ठरवलेलं नसेल तर सासवडच्या तळावर जाऊन विचारा, पण विचारताना तीन गोष्टी एका दमात सांगा: किती माणसं, किती दिवस, बायकामाणसं आहेत का. स्वयंपाकाचा अंदाज आणि तंबूतली जागा त्यावरच ठरते. बायकांचा तंबू वेगळा असतो. दिंडीत वयाने, शिक्षणाने कोणी कितीही मोठा असो, एकमेकांना हाक ‘माउली’ हीच. पाया पडायला कोणी वाकलं तर मागे सरकू नका, आपणही वाकायचं. विणेकऱ्याला मात्र ओलांडून जायचं नाही, आणि टाळकऱ्यांच्या दोन ओळींमधून फोटोसाठी घुसायचं नाही. रस्ता ओलांडायचा असेल तर एक दिंडी संपून दुसरी सुरू होते त्या मोकळ्या जागेतून ओलांडा.

टाळ येत नसेल तर धरू नका. आपल्या चुकीच्या ठेक्याने शेजारच्याचा हात चुकतो आणि ओळच विस्कटते. नुसतं म्हणा. सकाळी काकडा, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, दुपारनंतर त्या-त्या वाराचे अभंग आणि हरिपाठ असा क्रम दिवसभर बांधलेला असतो. ध्रुवपद पाठ व्हायला दोन खेपा पुरतात.

पाठीवर काय, ट्रकमध्ये काय

पाठीवर तीन-चार किलोच्या वर नको. पाण्याची एक लिटरची बाटली, मेणकापड किंवा प्लास्टिकचा मोठा कागद, मोज्यांचा एक कोरडा जोड, टोपी, औषधांची पुडी, थोडे सुटे पैसे, ओळखपत्राची प्रत. छत्री आणू नका. गर्दीत तिच्या काड्या दुसऱ्याच्या डोळ्याशी येतात आणि वाऱ्यात ती आपल्यालाच ओढत नेते. रेनकोटपेक्षा प्लास्टिकचा कागद बरा, कारण तो डोक्यावरून घेता येतो, खाली अंथरता येतो आणि घामाने आतून भिजत नाही.

बाकी सगळं ट्रकमध्ये. बॅगेला बाहेरून मोठ्या अक्षरात नाव, गाव आणि दिंडी क्रमांक लिहा. ट्रकमध्ये एकसारख्या काळ्या बॅगांचा ढीग असतो आणि वरची बॅग काढायला खालच्या वीस हलवाव्या लागतात. अंथरूण वेगळं गुंडाळा, वळकटी दोरीने आवळा आणि ती आधी पिशवीत, मग पोत्यात घाला. ट्रकवरची ताडपत्री नेहमी कुठेतरी फाटलेली असतेच. आणि ट्रकचा नंबर हातावर पेनाने लिहून ठेवा. तळावर पोचल्यावर मोबाइलला रेंज नसते, हजारो फोन एकाच टॉवरवर लोंबकळत असतात. ‘पोचल्यावर फोन करतो’ हा बेत या वाटेवर चालत नाही. बरोबर म्हातारं माणूस असेल तर त्याच्या खिशात दिंडी क्रमांक, ट्रकचा नंबर आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवा.

पाय

बूट नवे नकोत. निदान महिनाभर वापरलेले हवेत, आणि पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा हवी, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. नखं निघायच्या चार-पाच दिवस आधी सरळ कापा. आदल्या दिवशी खोल कापली तर कडेचं मांस दुखरं राहतं आणि उतारावर बुटाच्या टोकाला आपटून नख काळं पडतं.

फोड येतात ते तीन गोष्टी एकत्र आल्यावर: ओल, उष्णता, घासणं. त्यातली एक जरी तोडली तरी फोड टळतो. सगळ्यात सोपी तोडायला ओल. दुपारच्या विसाव्याला बूट-मोजे काढा, पाय पुसा, वाऱ्याला ठेवा, कोरडे मोजे घाला, ओले पिशवीला बाहेरून अडकवा. वारीत हे करायला लोक कंटाळतात आणि संध्याकाळी लंगडतात. टाचेला किंवा करंगळीला चुरचुरलं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. पुढच्या विसाव्याला बघू म्हटलं की उशीर झालाच. मांड्या काचत असतील तर व्हॅसलीन सकाळी निघतानाच लावा. काचल्यावर लावलेलं फक्त झोंबतं.

फोड आलाच तर लहान असेल तर हात लावू नका, वर पट्टी पुरे. मोठा, ताणलेला, पाऊल टेकवू न देणारा असेल तर साबणाने धुऊन, निर्जंतुक केलेल्या सुईने कडेला खालच्या बाजूने एक भोक पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच राहू द्या आणि मलम लावून बांधा. कातडी सोलून काढली की खालचं लाल मांस उघडं पडतं आणि चालणं तिथेच संपतं. मधुमेह असेल तर स्वतः सुई लावूच नका; वाटेवर सरकारी आणि सेवाभावी दवाखान्यांचे तंबू असतात, तिथे जा. उघडी जखम घेऊन तळाच्या चिखलात अनवाणी फिरू नका. जनावरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो, आणि जखम हा त्याचा दरवाजा. तळावर चप्पल वेगळी ठेवा, पट्ट्याची, निसटणार नाही अशी.

आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही. वारीत पाय चालून कमी आणि थांबून जास्त दुखतात. दिंडी दहा मिनिटं चालते, पाच मिनिटं थांबते, पुन्हा चार पावलं सरकते. उभं राहून पोटऱ्यांत रक्त साकळतं, टाच बधिर होते, कंबर धरते. सोळा किलोमीटरचा दिवस म्हणून हसू नका, तो पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पुरतो. थांबल्या-थांबल्या बसा, रस्त्यावर बसा. लाज वाटत असेल तर आजूबाजूच्या सत्तरीच्या आज्यांकडे बघा. टाळ थांबायच्या आत त्यांची बैठक जमलेली असते.

सासवड ते जेजुरी

सकाळी कर्ण्याचे, म्हणजे तुतारीसारख्या वाद्याचे, इशारे होतात आणि शेवटच्या इशाऱ्याला पालखी हलते. कऱ्हेकाठ सोडून रस्ता बोरावके मळा, यमाई शिवरी, साकुर्डे असा जातो. आजूबाजूला सीताफळ आणि अंजिराच्या बागा. बागेत शिरायचं कारण नाही. विसाव्याला बसायचं असेल तर बांधावर बसा, पेरलेल्या वावरात नको. बाजरी नुकती उगवलेली असते आणि हजार माणसांच्या बुडाखाली ती पुन्हा उभी राहत नाही.

चढउतार सौम्य आहेत, पण सावली नाही. पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग ९६५ म्हणून रुंद झाला, चालणाऱ्यांसाठी कडेला पट्टा आला, वाहनांची धास्ती कमी झाली, हे सगळं चांगलंच. पण रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, आणि सिमेंटचा रस्ता दुपारी खालून भाजतो, वरून चकाकतो. डांबरापेक्षा तो पायाला टणकही लागतो. कडेला मातीची पायवाट दिसली की ती धरा, गुडघे दुवा देतील.

पाणी टँकरवर, गावागावांत आणि वाटपाच्या टेबलांवर मिळतं. तहान लागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासाला चार घोट. घाम भरपूर येत असेल तर ओआरएस घ्या, पण एक पाकीट एक लिटर पाण्यातच. अर्ध्या बाटलीत सगळं पाकीट ओतून ‘कडक’ करणारे असतात; त्याने तहान वाढते आणि पोट ढवळतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

खाण्याची अडचण उलटी आहे. मिळत नाही म्हणून कोणी आजारी पडत नाही, नाही म्हणता येत नाही म्हणून पडतं. सकाळी चहा, मग पोहे, मग केळं, मग राजगिरा लाडू, मग पुन्हा गोड चहा, मग भात-आमटी, मग कापलेलं कलिंगड. देणारा हात जोडून देतो आणि आपण घेत जातो. शिजलेलं, गरम, समोर वाढलेलं घ्या. सोललेली-कापलेली फळं, बर्फ घातलेलं सरबत, सकाळपासून उघड्यावर असलेलं ताक, यांना लांबूनच नमस्कार. जुलाब लागले तर फिरत्या शौचालयासमोर चाळीस माणसांची रांग असते, एवढं लक्षात ठेवा म्हणजे कलिंगड आपोआप नको वाटतं.

जेजुरीत शिरताना पालखीवर भंडारा उधळतात. वारकऱ्यांच्या अंगावर पिवळं आणि तोंडात ‘यळकोट यळकोट जय मल्हार’, असं विठ्ठलाच्या वाटेवर फक्त इथेच. डोळ्यात गेला तर चोळू नका, पाण्याने धुवा. कपड्यावरचे डाग साबणाने धुतले की लाल होतात, घाबरू नका. हळदीला साबण लागला की तिचा रंग तसाच फिरतो. आधी नुसत्या पाण्यात काढा आणि उन्हात वाळवा, ऊन हळदीचा रंग खातं. गडावर जायची ओढ त्याच संध्याकाळी सगळ्यांना होते. चढताना काही वाटत नाही, पण दगडी पायऱ्या उतरताना गुडघे थरथरतात, आणि उद्याही चालायचंय. खालूनच हात जोडा, गडावर एरवी कधीही जाता येतं.

तळ

पालखी तळावर पोचली की समाजआरती होते. टप्प्यातली एकच गोष्ट धरून ठेवायची तर ही धरा आणि तेवढ्या वेळी तंबूत लोळत पडू नका. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतो आणि आवाज एकदम थांबतो. लाउडस्पीकरवरून सांगून जी गर्दी गप्प होत नाही, ती एका काठीला गप्प होते. त्या शांततेत एखाद्या दिंडीचा टाळ वाजतच राहिला तर समजायचं, त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, मग टाळ थांबतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावंही इथेच पुकारतात. चष्मा, पिशवी, मंगळसूत्र काहीही हरवलं असेल तर दिंडीप्रमुखांना सांगून इथे कान देऊन उभे राहा.

तंबूत जागा घेताना दाराजवळची टाळा, रात्रभर माणसं ये-जा करतात. मधल्या खांबाजवळची बरी. कडेला झोपणार असाल तर कापडापासून वीतभर आत राहा. पावसात भिजलेलं सुती कापड तोवर पाणी धरून असतं, जोवर त्याला आतून काही लागत नाही. डोकं किंवा वळकटी टेकली की नेमकी तिथूनच धार लागते आणि मग पाऊस थांबेपर्यंत ती थांबत नाही. खाली आधी प्लास्टिक, त्यावर घोंगडी किंवा सतरंजी. प्लास्टिकच्या कडा बाहेर डोकावू देऊ नका, आत मुडपा, नाहीतर तंबूवरून उतरलेलं पाणी त्यावरून थेट अंथरुणाखाली येतं. आभाळ भरलेलं असेल तर तंबूभोवती वीतभर चर खणून घ्यावी, वरच्या अंगाला आधी. कुदळ दिंडीत असतेच. हात लावला तर तीन दिवसांचे पाहुणे राहत नाही तुम्ही.

पहाटे तीनच्या सुमाराला जाग येते, आणायची गरज पडत नाही. आंघोळ टँकरच्या नळाखाली किंवा बादलीने. बायकांनी अंधारात दोघी-तिघींनी मिळून जावं. वळकटी उठल्या-उठल्याच बांधा. तंबू उतरवायला सुरुवात होते तेव्हा ज्याचं अंथरूण पसरलेलं असतं त्याच्यावर कापड येऊन पडतं, आणि ओलं कापड जड असतं. ट्रक पालखीच्या आधी पुढच्या तळाकडे निघतो. तो चुकला तर दिवसभर बॅग पाठीवर.

वाल्हे आणि नीरा

जेजुरी ते वाल्हे लहान दिवस. दौंडजला न्याहारी होते, दौंडजच्या खिंडीत वाट जरा चढते आणि दुपारी वाल्हं येतं. वाल्मीकींचं गाव म्हणून ते सांगतात. इथे लवकर पोचता येतं, तर मोजे धुवा, पाय वर करून झोपा, आणखी काही नको.

पुणे-मिरज रेल्वे या भागात सोबतीला असते. जेजुरी, दौंडज, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी तिच्यावरची स्टेशनं. पालखीच्या दिवसांत रस्त्यावरची एसटी वळवलेली असते, तेव्हा मध्येच कोणाला परत पाठवायचं झालं तर रुळ जवळ आहेत हे माहीत असावं. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत, म्हणून जेजुरी, नीरा आणि लोणंदच्या वेळा घरूनच लिहून आणा.

वाल्हे ते लोणंद वीस किलोमीटर, आणि याच दिवशी वाट रंग बदलते. पिंपरे खुर्दला न्याहारी, पुढे उतार लागतो आणि माळरान संपून नीरेच्या कालव्यांखालचा ऊस सुरू होतो. हवा दमट होते, घाम वाळत नाही. काल जो वेग सहज जमला तो आज जमणार नाही, म्हणून सकाळचे दहा किलोमीटर लवकर मागे टाका. दुपारचा विसावा नीरेला.

पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपून सातारा लागतो. दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात. त्या वेळी सगळ्यांना पाण्यातच जायचं असतं. घाट निसरडा, मागून रेटा, आणि वरच्या अंगाला वीर धरण. पावसाळ्यात विसर्ग चालू असेल तर पाणी ओढीचं असतं. पादुका पाण्यात असताना काठावर उभे राहा, आंघोळ करायचीच असेल तर गर्दी ओसरल्यावर, पोलिसांनी दोर बांधलेल्या हद्दीत, गुडघाभर पाण्यात. मोबाइल आणि पैसे आधी कोणाकडे तरी द्या. गर्दीचा फायदा घेणारे नेमके इथेच हात साफ करतात. ओल्या कपड्यांनी पुढे चालू नका. पाडेगाव ओलांडून लोणंद यायला अजून बरंच अंतर असतं आणि ओल्या धोतराने किंवा ओल्या लेगिंगने मांड्या सोलून निघतात. तीन दिवसांत सगळ्यात जास्त काचणं याच सात-आठ किलोमीटरमध्ये होतं.

लोणंद बाजारपेठेचं गाव, कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. औषधाची दुकानं, डॉक्टर, लॉज, रेल्वे सगळं आहे. परत निघायचं ते पालखी गावात शिरत असताना नको. रस्ते बंद, रिक्षा नाही, आणि आपली बॅग ट्रकच्या तळाशी. रात्र तळावर काढा, पहाटे सामान भरायच्या वेळी आपली बॅग बाजूला काढून घ्या आणि स्टेशनची वाट धरा. जाताना दिंडीप्रमुखांना आणि स्वयंपाकाच्या बायकांना सांगून निघा. त्या माणसं मोजून पीठ मळतात, आणि न सांगता गेलेल्या माणसाला आधी तळभर शोधतात.